कोरडं शेततळं

हौसाबाईनं साहेबाला कसं गप्प केलं, ते ऐका. सरकारी अनुदानाच्या भरवशावर तिनं शेततळं खोदलं. अनुदान आलं तरच तळाला प्लास्टिकचा कागद पडणार, नाहीतर पावसाचं पाणी मुरून डाळिंबाची बाग पुन्हा वाळणार.

ऐन वैशाखात कृषी अधिकारी पाहणीला आले आणि काठावरूनच कडाडले, "यात पाणी कुठाय? हा नुसता खड्डा! नामंजूर."

हौसाबाई बोलली, "साहेब, कचेरीत कितीदा आले, तुमची खुर्ची रिकामीच. मग तालुक्याला साहेबच नाही, असं वर कळवायचं का? माझं पाणी निदान मिरगाला तरी येतं!"

साहेब तळं मोजायला उतरले. मंजुरीची सही होईपर्यंत मात्र हौसाबाई काठावरून हलली नाही.