दोन हजार पाचशे एकवीस पानं

फार फार वर्षांपूर्वी, डास माणसाला विचारून चावत होते, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरामागं एक नगर होतं आणि त्यात माणसं होती बरोबर दोन हजार पाचशे वीस.

या आकड्याचा नगराला भारी गर्व. वर्षातून एकदा राजवाड्यासमोर गावजेवण व्हायचं. नियम एकच: सगळ्या पंगती सारख्या हव्यात. जो पंगतीत बसला तो नगराचा. जो उरला त्यानं दिवस मावळायच्या आत वेस ओलांडायची. पण उरणार कोण? दोनदोनच्या पंगती करा, तीनतीनच्या करा, थेट दहादहाच्या करा, दोन हजार पाचशे वीस माणसं कशीही बिनतक्रार बसत. खोटं वाटलं तर भागून बघा. मी थांबतो.

एका वर्षी जेवणाच्या आदल्या दिवशी एक कासारीण आली. नदीनं तिचं गाव गिळलं होतं. डोक्यावर बांगड्यांची पेटी, आणि जायला दुसरी जागा नाही.

सकाळी रांग लागली. राजवाड्याच्या दाराशी राजा, मग सगळं नगर, शेवटी कासारीण. प्रधानजी दारापासून मोजू लागले. दोनदोन केले, कासारीण उरली. तीनतीन केले, चारचार केले, दहादहापर्यंत गेले, तरी तीच. चिडून अकरा-अकरा केले, तर दोघं उरली! तिच्या शेजारचा तेली ओरडला, "अहो, सात पिढ्यांचा घाणा आहे माझा इथं!"

"हिच्यामुळंच सगळं बिघडलं," प्रधानजी म्हणाले. "बाई, निघा तुम्ही."

कासारणीनं पेटी उचलली.

"थांब गं!" राजाची आत्या कडाडली. तिला भूक आवरत नव्हती. "प्रधानजी, आता हिच्यापासून मोजा बघू."

प्रधानजींनी त्या टोकाकडून दहादहा मोजले. उरला राजा.

"छान!" आत्या म्हणाली. "बाळा, नीघ. वाटेत खायला भाकरी बांधून देऊ का?"

रांगेत खसखस पिकली. राजाला मात्र घाम फुटला. "आत्याबाई, हा दोन हजार पाचशे एकवीसचा आकडा कशानंच तुटत नाही हो!"

"मग तोडतोस कशाला? एवढ्या माणसांच्या सारख्या पंगती दोनच तऱ्हांनी होतात. एकतर ज्यानं त्यानं आपापलं एकट्यानं जेवावं, नाहीतर सगळ्यांनी मिळून एकाच पंगतीत. पंगत एकच असली, तर ती कमी भरेल कुणापेक्षा?"

झालं! राजवाड्याच्या दारापासून पंगत निघाली ती नगराच्या तळ्याला वळसा घालून परत दाराशी आली. मीठ वाढायला निघालेल्या वाढप्याच्या काळ्या मिशा फेरी संपेतो पांढऱ्या झाल्या. आणि पहिला राजा न् शेवटची कासारीण अगदी मांडीला मांडी लावून आली.

"बाई," राजा हळूच म्हणाला, "जरा सरकता का? माझं पान मांडायचंय."

तेव्हापासून त्या नगरात जेवणाआधी कुणी माणसं मोजत नाही. वेशीतून आत येणाऱ्याला एवढंच विचारतात, "जेवलात का?"

तात्पर्य: कोण उरलं हे माणसावरून नव्हे, मोजायला कुठून सुरुवात केली यावरून ठरतं.