कोठारातली मूठ

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, वेशीवर मातीचा एक रांजण होता. रिवाज असा, की दर सोमवारी प्रत्येक लेकराने आपल्या वाट्याचे मूठभर दाणे त्यात टाकायचे आणि त्या दिवशी तेवढं कमी जेवायचं. ज्याच्या घरी चूल पेटली नसेल, त्याने ते न्यायचे.

राजा धवलकेतूला हेमांगी नावाची एकुलती एक लेक. लेक अर्धपोटी राहते, हे त्याला बघवेना. "हिची मूठ कोठारातून भरा," त्याने फर्मावलं. दाणे तेवढेच पडले ना, मग झालं! केवढी ही अक्कल. राजाचं बघून सरदारांनी तेच केलं, सरदारांचं बघून शेटजींनी. पोरं समजली, द्यायचं असतं ते दुसऱ्याचं. मग तेही द्यायचा कंटाळा आला आणि रांजण कोरडा पडला.

त्याच दिवशी हेमांगीची उजवी मूठ मिटली ती उघडेचना. नखं तळव्यात रुतली. पावसाळा सरला, शेतात कणसं भरली, तरी ती मिटलेलीच.

रांजणाच्या काठावर बसलेली साळुंकी म्हणाली, "राजन्, हा रांजणाचा शाप. तुझं स्वतःचं असेल ते लेकीदेखत यात घाल. तीनदाच घालता येईल. तिसरंही परतलं, तर तिचा हात वाळेल."

राजाने मोहरा ओतल्या. रांजणाने त्या बाहेर फेकल्या.

"या रयतेच्या," साळुंकी म्हणाली.

राजाने मुकुट रांजणात टाकला. तोही बाहेर आला.

"हा तुझ्या बापाचा."

धवलकेतूच्या ध्यानात आलं: एवढं राज्य, आणि त्यात आपलं म्हणावं असं काहीच नाही. तो अनवाणी शिवारात गेला आणि सगुणा नावाच्या बाईच्या शेतात दिवसभर कणसं खुडत राहिला. सगुणाने त्याला ओळखलं. पाणी दिलं आणि पुन्हा कामाला वळली. दिवस मावळताना तिने मजुरीची ज्वारी त्याच्या उपरण्यात घातली.

राजाच्या पोटात आग पडली होती. ते दाणे भाजून खावेत असं त्याला फार वाटलं, खोटं कशाला सांगू? तरी त्याने ते हेमांगीसमोर रांजणात टाकले. ते आतच राहिले. लेकीची मूठ उघडली आणि तिने आधी बापाच्या हातावरचे फोड पाहिले.

पुढच्या सोमवारी हेमांगीने कुणी न सांगता आपल्या वाट्याची ज्वारी काढली. तिचं बघून गावची पोरंही निघाली. राजा लेकीला म्हणाला, "बाळ, तुझी मूठ सगुणाबाईंना नेऊन दे."

तोही तिच्यासोबत गेला. सगुणा दारातच उभी राहिली. "राजकन्ये, हे रांजणात टाका. तो कोरडा होता तेव्हा माझी दोन्ही लेकरं तिथून रिकाम्या हातांनी परतली, आणि पीक हाती येईतो जगली नाहीत. आता या घरात भुकेलं कुणी उरलं नाही."

हेमांगीने बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

रांजण भरला, शाप फिटला, राज्याची घडी बसली. हेमांगी म्हातारी होईतो दर सोमवारी मूठ टाकत राहिली. बापाच्या पंक्तीला मात्र ती पुन्हा कधी बसली नाही.