शेवंताला जागा मिळेना

सकाळी सकाळी शेवंताची जागा हरवली.

शेवंता म्हणजे गोगलगाय. पिटुकली, नखाएवढी. काल सतरंजीवर तिची जागा होती. आज नव्हती.

झालं काय, बगळेगुरुजींना नवीन खूळ लागलं. म्हणाले, "चार-चार जणांचे गट करा. गटाला एक कागद, एक वाटी रंग. मिळून चित्र काढा."

धाडधाड, पळापळ. सगळे गट भरले. शेवंता अजून दारातच.

बेडकाच्या गटात मात्र तिघेच. बेडूक, खार आणि ससा. चौथ्या जागेवर कोण? बेडकाचं दप्तर. ऐसपैस बसलं होतं.

शेवंता निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"बेडूकदादा, बेडूकदादा, सरक ना. मला रंगवायचंय."

"डराव. आमचा गट पळणाऱ्यांचा. तू येशील तोवर रंग वाळेल. खारूताईने सांगितलं तर सरकतो."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"खारूताई, खारूताई,
बेडूक सरकेना,
मला जागा मिळेना.
तू सांग ना."

"चिक चिक. आणि माझा पहिला नंबर गेला म्हणजे? तू भरून देशील? गुरुजी बोलले तर सांगते."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

गुरुजी एका पायावर उभे. डोळे मिटलेले. विचार करत होते म्हणे.

"गुरुजी, गुरुजी,
खार सांगेना,
बेडूक सरकेना,
मला जागा मिळेना.
तुम्ही बोला ना."

"फळ्यावर लिहिलंय बघ, 'सगळे मिळून शिकूया'. किती वळणदार लिहिलंय. आता परत बोलू कशाला? मोठ्या बाई हलल्या तर बोलतो."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

मोठ्या बाई म्हणजे म्हैस. रवंथ चाललेलं. कचर कचर.

"बाई, बाई,
गुरुजी बोलेनात,
खार सांगेना,
बेडूक सरकेना,
मला जागा मिळेना.
तुम्ही हला ना."

"अगं, कागदावर तुझं नाव चारही गटांत घातलंय. चारही. बाकीच्यांचं एकेकाच गटात आहे. अजून काय हवं तुला? साहेब उठले तर हलते."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

साहेब म्हणजे हत्ती. शाळा तपासायला आलेले. खुर्चीत बसूनच तपासत होते. पुढ्यात भजी.

"साहेब, साहेब,
बाई हलेनात,
गुरुजी बोलेनात,
खार सांगेना,
बेडूक सरकेना,
मला जागा मिळेना.
तुम्ही उठा ना."

"शाळा फार छान आहे. भजी पण छान आहेत. खुर्चीने सोडलं तर उठतो."

शेवंता खुर्चीवर चढली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. फटीतून डोकावला ढेकूण.

"ढेकूणदादा, ढेकूणदादा,
साहेब उठेनात,
बाई हलेनात,
गुरुजी बोलेनात,
खार सांगेना,
बेडूक सरकेना,
मला जागा मिळेना."

"एवढंच ना?" ढेकूण म्हणाला. "कुठे चावू ते दाखव."

शेवंताने दाखवलं. जागा मोठी होती, चुकायचा प्रश्नच नव्हता.

चट्ट.

ढेकूण चावला, साहेब उठले.
साहेब उठले, बाई हलल्या.
बाई हलल्या, गुरुजी बोलले. दोन्ही पायांवर उभं राहून बोलले.
गुरुजी बोलले, खारीने सांगितलं.
खारीने सांगितलं, बेडूक सरकला. दप्तरही सरकलं.

शेवंता बसली. मधोमध. लाल रंगात पोट बुडवलं आणि कागदावर फिरली. सुळुक सुळुक. लांबच लांब लाल रेघ. रंग काही वाळला नाही.

मग ती म्हणाली, "ढेकूणदादा, तू पण ये."

"ढेकूण?" बेडूक टुणकन उडाला. "आमच्या गटात? छे. खारूताईने सांगितलं तर."
"गुरुजी बोलले तर," खार म्हणाली.
"बाई हलल्या तर," गुरुजी म्हणाले.
"साहेबांना विचारा," बाई म्हणाल्या.

"विचारतो की," ढेकूण म्हणाला आणि निघाला.

साहेबांनी दोन्ही हात मागे धरले. "नको, नको, इथवर कशाला येतोस. बस बाबा तिथेच. सरका रे सगळे."

सगळे सरकले. एका दमात सरकले.

ढेकूण बसला, गोष्ट बसली, अजून एकाची जागा उरली.

तुम्ही काय बघताय? सरका की थोडं.