देव्हाऱ्यातला फिल्टर

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर गावातले बैल नुकतेच संपले होते आणि त्यांच्या गोठ्यांत डिझेलच्या पिकअप गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या, तेव्हाची.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. बैल गेले म्हणून गावानं पोळा काही सोडला नाही. पोळ्याला गाड्या धुवायच्या, रंगवायच्या आणि वेशीतून मिरवायच्या. मानाच्या गाडीनं सगळ्यांत आधी तोरणाखालून जायचं आणि देवीची पालखी घाट चढून वरच्या देवळात न्यायची. कायदा मात्र कडक होता. ज्या गाडीतून देवी वाटेत उतरवावी लागली, त्या घरचा मान कायमचा गेला.

हा मान येसबाच्या घरात होता. त्याच्या वडिलांनी, आबांनी, तो आपल्या बैलजोडीवर राखला होता. आता तो येसबाच्या पिकअपवर आला होता आणि येसबाला त्याचा कोण अभिमान.

पोळा जवळ आला तशी पिकअप चढाला दम खाऊ लागली. येसबा काही अडाणी नव्हता. डिझेलचा फिल्टर तुंबलाय, हे त्यानं लगेच ओळखलं आणि तडक बाजार गाठला.

दुकानदारानं विचारलं, "कंपनीचा देऊ का बाहेरचा?"

"बाहेरचा दे. पण नीट बसला पाहिजे."

"बसवलास तर बसेल की," दुकानदार म्हणाला.

तिथंच त्याला तीन सुरांचा भोंगा दिसला. पुढं लावायचा चकचकीत गार्ड दिसला. रंगीत दिवे दिसले. मानाची गाडी म्हटल्यावर एवढं तर हवंच, असं म्हणून त्यानं तेही सगळं उचललं.

आता गंमत ऐका. भोंगा, गार्ड, दिवे त्याच दिवशी लागले. फिल्टर तेवढा राहिला. नवी वस्तू सणालाच अंगाला लावावी, अशी त्या गावची रीत होती. येसबानं फिल्टर देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पोळ्याच्या मुहूर्तावर बसवायचं ठरवलं. भोंग्याच्या वेळी ही रीत कुठं गेली होती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबा अंगणात आले. म्हणाले, "लेका, आज खांदेमळणी. बैलांचे खांदे आज मळायचे, शिंगं उद्या रंगवायची. तुझी झाली का खांदेमळणी?"

येसबा हसला. "आबा, लोखंडाला कसला आलाय खांदा?"

"ज्याच्यावर ओझं येतं, तो खांदा."

"उद्या मुहूर्तावर बसवतोच की फिल्टर. तुम्ही निवांत झोपा."

दुसऱ्या दिवशी गाडी अशी सजली की बघत राहावं. येसबा पांढरंशुभ्र धोतर नेसला, त्यानं फेटा बांधला. तेवढ्यात ढोल दारात आले. आता फिल्टर बसवायचा म्हणजे कोपरापर्यंत डिझेल माखणार. देवीला पोचवून येतो, मग बसवतो, एवढ्यानं काय बिघडतंय, असं म्हणून त्यानं गाडी चालू केली.

देवीची पालखी घेऊन गाडी तोरणाखालून डौलात गेली. भोंगा तीन सुरांत वाजला. येसबाची छाती फुगली.

घाटातल्या सगळ्यांत उभ्या वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. पुन्हा किल्ली फिरवली, काही नाही. माणसांनी धावत येऊन चाकांमागं दगड लावले. भोंगा मात्र अजून झकास वाजत होता.

पालखीजवळ बसलेल्या आबांनी विचारलं, "फिल्टर कुठाय?"

येसबाची मान खाली गेली. "देव्हाऱ्यात."

मागून अंजिराची पिकअप आली. अंजिरा वर्षभर शेणखत वाहायची. तिच्या गाडीला ना रंग, ना दिवे. बॉनेटवर कुंकवाचं एक बोट तेवढं होतं.

ती म्हणाली, "आबा, माझी गाडी देखणी नाही. पण काल सांजच्याला तिच्याखाली शिरून मी तेलपाणी केलंय, फिल्टरही नवा घातलाय. तो पण बाहेरचाच हाय. बसवा देवीला."

ज्या मानासाठी आबांनी जन्मभर बैल जपले, तो मान त्यांनी स्वतः पालखीला खांदा देऊन गाडीतून उतरवला. ते बघून येसबाला रडू आलं.

मिरवणूक पुढं गेली. येसबा उतार धावत घरी गेला आणि देव्हाऱ्यातून फिल्टर घेऊन आला. त्याच धोतरावर, त्याच वळणावर बसून त्यानं तो बसवला. हळदकुंकू अजून त्याच्यावर तसंच होतं. गाडी चालू झाली आणि रिकामीच, सरसर घाट चढून गेली. वर आरती संपली होती, देवीपुढं अंजिराची शेणखताची गाडी उभी होती.

मान काही परत आला नाही. पण पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी येसबा हात काळे करून गाडीखाली पडलेला गावानं पाहिला. आबा शेजारी कंदील धरून बसले होते.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात धरा: शिंगं उद्या रंगवली तरी चालतील, खांदे मात्र आजच मळावेत.