महाराजांच्या उपरण्यावरची वैरण

श्रीनिंबगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा सावळखेडला, ओढ्याकाठच्या मठीत होता. वर्ष अवर्षणाचे. दुपारी धुळीचा पिवळा पडदा गावावर उतरे आणि गुरांच्या घंटा स्वप्नात ऐकल्यासारख्या दुरून वाजत. हिरवे म्हणून काय ते खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे. पण ते गुरांना बाधतात, म्हणून कोणी हात लावत नसे.

भिवरा नावाच्या विधवेपाशी चांद्री ही एकच गाय, तीही गाभण. कडबा संपत आला, तेव्हा तिने महाराजांपुढे पदर पसरला. महाराज म्हणाले, "मूठभर फुटवे कापून आण. तोच माझा नैवेद्य." ते त्यांनी आपल्या उपरण्यावर उन्हात पसरले आणि पार वाळल्यावर तिच्या ओंजळीत घातले. "हा प्रसाद. आधी चांद्रीला कडबा-पाणी दे, मग हा कडब्यात मिसळून घाल. रोज येत जा. तिला मानवले तर मूठ हळूहळू वाढवू."

रायाजी पाटलांना याचे भारी हसू येई. "देवानं आता वैरण वाळवायचं काम घेतलं व्हय, भिवरे?" ते चारचौघांत विचारत. भिवरा मान खाली घालून मठीकडे चालू लागे. पण चांद्रीच्या अंगावर तुकतुकी येत होती, आणि पाटलांना खरे तर तेच खुपत होते.

एके सकाळी त्यांनी आपली उपाशी बैलजोडी सरळ त्या हिरव्यात सोडली. वर भिवराच्या गोठ्यातून चांद्रीलाही सोडून आणले. "मुठीमुठीनं कशाला भरवायचं? पोटभर खाऊ द्या की," ते म्हणाले. थोड्याच वेळात बैलांना धाप लागली, तोंडाला फेस आला आणि दोघेही आडवे झाले. चांद्री थरथरत खाली बसली.

भिवरा धावत मठीत आली. मागोमाग पाटीलही आले, पण उंबऱ्याबाहेरच थबकले. आत यायला तोंड कुठे होते?

"महाराज, माझी चांद्री," भिवरा रडू लागली.

"एकट्या चांद्रीसाठीच मागतेस, बाळ?"

भिवराने वळून पाहिले. जो तिच्या गाईच्या जिवावर उठला, तो पागोटे हातात घेऊन रडत होता. तिला राग आला, आणि मग कीवही आली. ती म्हणाली, "पाटलांचं बैल लई अवघडल्यात, महाराज. आधी त्येंच्याकडं बघा."

महाराज हसले आणि त्यांनी डोळे मिटले. मठीत झोप लागावी अशी शांतता पसरली.

तेवढ्यात पाटलांचा गडी धावत आला. "धनी, बैल उठलं. गाय बी उठली. महाराजांनी सोता येऊन उपरण्यानं त्येंचा फेस पुसला, आन् धुळीत कुठं गेलं कळलंच न्हाई."

महाराज तर जागचे हललेही नव्हते! पाटलांची नजर अंगणात गेली. उन्हात पसरलेले उपरणे फेसाने ओलेचिंब झाले होते.

पाटलांनी उंबऱ्यावर डोके टेकले. "आधी तिचे पाय धर, रायाजी," महाराज म्हणाले. पाटलांनी धरले.

दुसऱ्या दिवशी मूठभर फुटवे घेऊन ते मठीत आले आणि उपरणे रिकामे होण्याची वाट पाहत भिवराच्या मागे उभे राहिले.