आतल्या खोलीचा पडदा

"ते सगळं खरं, बुवा. पण या तिन्हीतला कोणता लावू, तेवढं सांगा."

माणिकराव गुत्तेदारांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. नदीकाठच्या मठात भानुदासबुवांपुढे त्यांनी तीन शिवलेले पडदे पसरले होते. तालुक्यातले निम्मे पूल बांधणारा हा माणूस, पण एका पडद्यापायी पंधरा दिवस अन्न गोड लागत नव्हतं. सारखी मांडी बदलत होते, घड्याळ बघत होते.

"बाकीच्या खोल्यांचं काय?"

"झालं. हॉलला मोरपंखी, मुलीच्या खोलीला अबोली. घर बघून लोक तोंडात बोटं घालतात. अडलंय ते वडिलांच्या खोलीपाशी."

"काय अडलंय?"

"खोली हॉलला लागून. वडील दोन वर्षं अंथरुणावर. अर्धं अंग गेलंय, लाळ गळते... रविवारी मुलीला बघायला पुण्याची मंडळी येणार. त्यांना दिसायला नको. दोन पडदे लावून काढले. आतलं काही दिसत नाही, तरी जीव थाऱ्यावर राहत नाही."

बुवांनी पडद्यांवरून हात फिरवला.

"दार लावून घ्यावं, तर हाका मारतात. माझ्याच नावानं."

हे बोलताना माणिकरावांना लाज वाटली. वडिलांची की स्वतःची, ते त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

बुवांनी एक पडदा उचलला. विटकरी, वर जरीची फुलं.

"सुलट बाजू कुठं येणार?"

"हॉलकडं. लोक तिकडूनच बघणार ना."

"आणि उलटी?"

"आत... आत कोण आहे बघायला?"

बुवा उठले. ओसरीवरच्या दोरीवर त्यांनी पडदा टाकला आणि पलीकडची चटई दाखवली.

"पडा जरा."

"मी?"

"पडा."

गुत्तेदार कडक इस्त्रीच्या सदऱ्यासकट आडवे झाले. समोर उलटं कापड. फुलांच्या जागी नुसते लोंबणारे दोरे. दोन मिनिटं त्यांनी ते मोजल्यासारखे बघितले, मग बघवेनात.

बाहेर चपला वाजल्या. मठात दूध घालणारी गयाबाई आली होती.

"गाडी उभी दिसली, बुवा. कुणी आलंय का?"

"कुणी नाही. बस."

माणिकराव चमकले. बुवा थट्टा करत असतील, आता हाक मारतील, असं वाटलं.

पलीकडे म्हशीचं बोलणं निघालं, मग गयाबाईच्या जावयाचं. दोघं पोटभर हसले. कपबशा वाजल्या, चहाचा वास आला. अलीकडे कप काही आला नाही.

माणिकराव खाकरले. बोलणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

हात लांबवला असता तर पडदा सरकला असता. पण बुवांनी पडायला सांगितलं होतं. ते कुशीवर वळले, पुन्हा उताणे झाले. आपल्याला हाक मारावीशी वाटतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"बुवा..." ते अखेर म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "मी आहे इथं."

पडदा हलला नाही.

"असू द्या," पलीकडून बुवा म्हणाले. "इकडून फार छान दिसतोय."