जावयाचा दगड

अमेरिकेतल्या चेरोकी या मूळ रहिवाशांच्या डोंगराळ मुलखात, ओढ्याकाठच्या एका घराच्या दाराशी सपाट दगड आहे आणि दाराच्या चौकटीला एक जुनी पितळी घंटा. चढण चढून दमलेले पाहुणे दगड दिसताच टेकतात. मग घरातली वडीलधारी मार्था हसून म्हणते, बसा खुशाल, पण तो जावयाचा दगड आहे, आणि त्यावर बसलेल्या पहिल्या जावयाला उठायला चार महिने लागले.

त्याचं नाव ह्यू. मूळचा स्कॉटलंडचा, दोन-अडीचशे वर्षांमागचा व्यापारी. समुद्रकाठच्या चार्ल्सटाउन शहरातून घोड्यांवर कापड, सुऱ्या, किटल्या लादून तो डोंगर चढायचा आणि हरणांची कातडी घेऊन उतरायचा. या गावात त्याला वालेला भेटली आणि तो इथेच राहिला. म्हणजे तिच्या घरात राहिला. चेरोकींमध्ये घर बाईचं, शेत बाईचं, मुलं आईच्या कुळाची, आणि मुलांचं बरंवाईट बघणारा मामा. ह्यूला हे सगळं तोंडपाठ होतं म्हणे, पण गळी उतरलं नव्हतं. चुलीचं धुराडं स्वतःच्या हातांनी बांधल्यापासून तर स्वारी त्या घराला बिनदिक्कत 'माझं घर' म्हणायला लागली होती.

त्यांना मुलगी झाली, अत्सिना. ती ह्यूचा जीव की प्राण. ती आठ वर्षांची झाली तसं त्याच्या मनाने घेतलं, की हिने चार्ल्सटाउनला आपल्या बहिणीकडे राहावं, लिहावं-वाचावं, बूट घालून चालावं. पोटात पाप नव्हतं त्याच्या. फक्त त्याने कोणाला विचारलं नाही.

व्यापाऱ्यांच्या घोड्यांच्या गळ्यात घंटा असत. वाटभर खणखणाट नको म्हणून त्यांत गवत कोंबायची रीत होती, पण ते ओढा ओलांडल्यावर, कारण तांडा निघाला हे गावाला कळलं पाहिजे. त्या सकाळी वालेला शेतात मका पेरत होती. ह्यूने दारातच घंटांत गवत कोंबलं, लेकीला घोड्यावर बसवलं आणि सोबतच्या व्यापाऱ्यांबरोबर निघाला.

वालेलाचा भाऊ कनुना याने त्यांना दुपारी खिंडीत गाठलं. भांडण नाही, हत्यार नाही. त्याने भाचीला उतरवून पाठीवर घेतलं, ही आमची आहे एवढंच सांगितलं आणि माघारी वळला. ह्यू धापा टाकत मागोमाग घरी आला, तो दाराशीच्या दगडावर त्याचा कोट, वस्तरा, घोंगडी, किटली नीट रचून ठेवलेली. बाईने नवऱ्याचं सामान बाहेर काढलं की संसार मोडला, असा तिथला रिवाज.

तो म्हणत राहिला, मी बाप आहे, तिच्या भल्यासाठीच नेत होतो. वालेलाने आवाज चढवला नाही, असं सांगतात.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. ते तुला माहीत होतं, म्हणून तर दारातच गवत कोंबलंस."

चार्ल्सटाउनची वाट मोकळी होती, पण ह्यूने घोडे सोबत्यांबरोबर पाठवून दिले, एक घंटा तेवढी ठेवून घेतली, आणि दगडावर बसला. झोपायला मालाची खोप, उजाडलं की दगड. पाण्याला जाणाऱ्या बायका त्याला विचारायच्या, काय रे, मुळं फुटली का? तो ओशाळून हसायचा. अत्सिना येऊन त्याच्या मांडीला मांडी लावून बसायची. ओढ्यावर जाऊ या म्हणाली, की तो म्हणायचा, आधी आईला विचारून ये. ओढा वीस पावलांवर होता. वालेला आतून हे रोज ऐकत होती.

मग कोवळ्या कणसांचा सण आला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या चुली विझवून नवा विस्तव आणतात आणि वर्षाचे अपराध सोडून देतात. वालेला नवा विस्तव घेऊन आली तेव्हा ह्यू उठून उभा राहिला. तिच्यादेखत त्याने घंटेतलं वाळलेलं गवत काडी-काडी करून काढलं, घंटा चौकटीला टांगली आणि वाजवली.

"या घरातलं लेकरू माझ्याबरोबर निघेल, तेव्हा ही आधी वाजेल."

वालेला म्हणाली, "ऐकलं." आणि जाताना दगडावरची किटली उचलून आत घेऊन गेली. बाकीचं सामान त्याने स्वतःच आत नेलं, आणि ते फार घाईने, म्हणतात.

पुढे कित्येक वर्षं तो घंटा वाजवायचा आणि आतून 'ऐकलं' यायचं. वालेला आधी गेली. त्यानंतर एकदा म्हातारा ह्यू अत्सिनाच्या पोरीला घेऊन रानात चेस्टनटची फळं वेचायला निघाला आणि सवयीने त्याने घंटा वाजवली. आतून काही आलं नाही. नातीचा हात धरून तो तसाच उभा राहिला, पायरी काही उतरेना. चुलीपाशी बसलेल्या अत्सिनाला कळलं तो का थांबलाय. तिने डोळे पुसले आणि आवाज दिला, "ऐकलं."

आजही कणसांच्या सणाला या घराण्याचा नवा जावई गाठोडं घेऊन दगडावर बसतो, आणि बायको त्यातली एक वस्तू उचलून आत नेईपर्यंत उठत नाही. आणि लेकराला शाळेच्या बसपर्यंत जरी सोडायचं असलं, तरी आधी घंटा वाजते, आणि आतून 'ऐकलं' आल्याशिवाय कोणी पायरी उतरत नाही.